विनामॅग्नेशियमची नळी

दौलतगंज, लष्कर, ग्वाल्हेर
१४ एप्रिल २०२५

सीमंतिनी,

हातानं लिहिलेलं पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. विद्यापीठाच्या ईमेलचा माझा पासवर्ड गरिमाला ठाऊक आहे, रसायनांच्या मागण्या तीच पाठवते. आणि फोनवर मी तुला नऊ वर्षांपूर्वी ब्लॉक केलं होतं, ते काढायचं कारण मला अजून दिसत नाही. म्हणून हे स्पीड पोस्टनं. बाड्यावरच्या पोस्टात स्वतः जाऊन टाकणार आहे आणि पावती जपून ठेवणार आहे.

गरिमा जाधव कोण हे तुला सांगायला नको. माझी पीएचडीची विद्यार्थिनी, पण गेल्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात पुण्याला तुझ्या प्रयोगशाळेत राहून आली. विभागानं परस्पर ठरवलं, मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. गेली तेव्हा "मॅडम, मॅडम" करत माझ्या मागे फिरणारी मुलगी होती. आली ती प्रत्येक वाक्यात "पुण्यात ना, असं करतात" घेऊन आली.

आता घडलेलं क्रमानं लिहिते. यातलं बरंचसं तुला तोंडपाठ आहे. तरीही लिहिते, म्हणजे पुढे "तुझा प्रश्नच मला कळला नव्हता" असं म्हणायला जागा राहणार नाही.

किल्ल्यावरच्या कुंडातून आपण दोघींनी खरवडून आणलेलं ते शेवाळ. त्याच्या आरएनएच्या धाग्यात मधेच एक आगंतुक तुकडा असतो आणि तो स्वतःच स्वतःला कापून बाहेर पडतो. कापणारं ते एन्झाइम, आणि एन्झाइम म्हणजे प्रथिन, असं आपण कॉलेजात घोकलं होतं. इथे प्रथिनाचा पत्ताच नाही. धागा स्वतःभोवती दुमडतो, त्याच्या दोन जुड्या एकमेकींना टेकतात आणि मधे एक खाच तयार होते. त्या खाचेत ग्वानोसीनचा एक सुटा रेणू येऊन बसतो आणि पहिल्या सांध्यावर घाव घालतो. नेमका कुठे, तर सगळ्या नीट जुळलेल्या जोड्यांमध्ये एक जोडी किंचित वाकडी असते, तिथे. सांधा सुटला की ग्वानोसीन खाच रिकामी करतं आणि तुकड्याच्याच शेवटचं ग्वानोसीन तिथे येऊन बसतं. मग मोकळं झालेलं पहिलं टोक दुसऱ्या सांध्यावर घाव घालतं, आणि घालता घालताच पलीकडच्या धाग्याला जुळून जातं. मधला तुकडा गळून पडतो. धागा पुन्हा सलग.

हे सगळं व्हायला मॅग्नेशियम लागतं. ते नसेल तर धागा धड दुमडत नाही, आणि खाचेत घाव घालणाऱ्या टोकाला बळही मिळत नाही. मॅग्नेशियम नाही तर काप नाही. गरिमाचा अख्खा प्रबंध या एका वाक्यावर उभा आहे. किती मॅग्नेशियमला कुठली जुडी दुमडते ते ती मोजते, आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. त्या शून्याच्या नळीत आरएनए, ग्वानोसीन, साधं क्षारद्रावण आणि पाणी, एवढंच. त्या नळीत काही म्हणजे काही घडता कामा नये.

फेब्रुवारीपासून ती नळी कापते आहे. दर वेळी.

आमचा फ्रीझर हिवाळ्यात बंद पडला आणि आपला जुना साठा गेला, तेव्हा विभागानं या आरएनएचा क्लोन, म्हणजे ज्याच्यावरून तो बनवायचा ती डीएनएची प्रत, तुझ्याकडून मागवला. तोच आम्ही वापरतो. तुझ्या लेखात तर तू छापलं आहेस की मॅग्नेशियमशिवाय काप शून्य. मग ग्वाल्हेरला आल्यावर त्याला काय झालं?

गरिमा पुण्याहून परतल्यावर काळजी म्हणून मी पाणी आणि क्षारद्रावणं माझ्या ताब्यात घेतली होती. पाणी माझ्या घरच्या काचेच्या डिस्टिलेशनच्या यंत्राचं, तुला आठवत असेल ते. बाटल्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्याकडे. त्यामुळे तिथून काही शिरायला वाव नाही.

तेव्हा मला सरळ उत्तर हवं आहे. तू पाठवलेला क्लोन तोच आहे का? आणि गरिमा तुझ्याकडून नक्की काय शिकून आली?

निवेदिता


दौलतगंज
६ मे

सीमंतिनी,

उत्तर मिळालं. पाकीट मोठं आणि आत तीन वाक्यं. "क्लोन तोच आहे. गरिमा चांगली मुलगी आहे. पाणी बघ."

पाणी बघ! बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या पोराला सांगावं तसं. मी पंचवीस वर्षं आरएनए हाताळते आहे. त्या यंत्रातून निघालेलं पाणी मी औषध घालून रात्रभर ठेवते, मग प्रेशरमध्ये उकळते. कुठलंही प्रथिन त्यात टिकत नाही. आणि यंत्राचं म्हणशील तर ते आपण दोघी जिवाजी गंजच्या लिलावातून रिक्षात मांडीवर धरून आणलं होतं, ते अजून खणखणीत चालतं. उलट या वर्षी तर बाटली पूर्वीपेक्षा लवकर भरते. तू विषय बदलते आहेस, एवढंच मला यातून कळलं.

दरम्यान मी काय काय केलं ते ऐक. आरएनए बनवायच्या भांड्यातच मॅग्नेशियम आणि ग्वानोसीनचं भावंड असतं, तिथेच काप होऊन जातो की काय म्हणून आम्ही न कापलेला धागा जेलमधून लांबीप्रमाणे वेगळा काढून घेतला. चिकटून आलेलं एखादं प्रथिन कापत असेल म्हणून प्रथिनं खाणारं एन्झाइम घातलं, उकळलं. हसू नकोस. ज्यांनी असला आरएनए जगात पहिल्यांदा पाहिला, त्यांनाही किती दिवस हाच संशय होता की कुठेतरी प्रथिन लपलेलं आहे. त्यांनी उकळून पाहिलं, धुऊन पाहिलं, आणि जिवंत पेशीशी कधी संबंध न आलेला आरएनए नळीत बनवला तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली. संशय घेणं हा आपल्या कामाचा भाग आहे, माझ्या स्वभावाचा दोष नव्हे. हे वाक्य कुणाला उद्देशून आहे ते तुला कळेल.

प्रथिन नाही. म्हणजे हात आहे. कुणाचा तरी हात.

परवा मी जिन्यावरून वर येत होते. गरिमा खिडकीशी फोनवर बोलत होती. "हां... नहीं, मॅडम को अभी नहीं बताया. पहले पक्का हो जाए." मला पाहिलं आणि फोन खिशात. मी विचारलं, "काय पक्कं व्हायचंय?"

"कुछ नहीं मॅडम. असंच. मैत्रीण होती."

"कुठली मैत्रीण?"

"केमिस्ट्रीवाली." आणि खाली बघून नखं टोकरायला लागली.

केमिस्ट्रीत तिची कुणी मैत्रीण आहे हे मी गेल्या चार वर्षांत ऐकलेलं नाही. तू फोन केला होतास का? खरं सांग. ती तुझ्याकडे यायच्या खटपटीत असेल तर तिनं तसं बोलावं. जायचं म्हणून इथलं काम बुडवून जायची गरज नाही. इथलं बुडालं की तुझ्या लेखाला आव्हान द्यायला दुसरं कुणी उरत नाही, हेही मला दिसतं.

निवेदिता


दौलतगंज
२३ मे

सीमंतिनी,

पुरावा मिळाला.

काल कपाटातली रिकामी झालेली बाटली उन्हाला धरली. तळाशी आणि मानेपाशी पांढरा थर. बोटानं पुसला तर भुकटी निघाली. डिस्टिल्ड पाण्याच्या बाटलीत पांढरी भुकटी येते कुठून? मॅग्नेशियमचा क्षार पांढराच असतो. कुलपाची दुसरी किल्ली विभागाच्या कार्यालयात असते, आणि कार्यालयात कोण कधी जातं यावर कुणाचंही लक्ष नसतं.

मी बाटली टेबलावर ठेवली आणि गरिमाकडे पाहत राहिले. तिनंही बाटलीकडे पाहिलं, खूप वेळ. मग म्हणाली, "मॅडम, शून्यवाल्या नळीत ईडीटीए डालके देखें? सगळे मेटल पकडून घेईल. काप थांबला तर समजेल की..."

"की काय?"

"की मेटल आहे त्यात."

"ते मला बाटलीवरून समजलंय," मी म्हटलं. "ईडीटीए घालून नळी गप्प बसवायची आणि प्रबंधात शून्य म्हणून छापायचं, असं पुण्यात करतात का?"

तिनं एप्रन काढला, घडी घातली आणि निघून गेली. निरपराध माणूस भांडतो असं मला वाटतं. तू नऊ वर्षांपूर्वी भांडली नव्हतीस. आपली आकृती, धाग्याच्या त्या सगळ्या घड्या मी माझ्या हातानं काढल्या होत्या, तुझ्या एकटीच्या नावानं छापून आली. तू एवढंच म्हणालीस, "नावं दोन्ही पाठवली होती, संपादकांकडून एक गळलं." आणि गप्प बसलीस. तेव्हा मी निष्कर्ष काढला, तो अजून बदललेला नाही.

काल संध्याकाळी गरिमाची आई आली. उषाताई जाधव. गोरखीजवळ राहतात, पिढ्यान् पिढ्या फौजेतलं घर. हातात कैरीच्या लोणच्याची बरणी. मी घेतली नाही. अशा वेळी घेतलं तर उद्या कुणी काहीही म्हणेल. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"मॅडम, आमच्या घरात सगळे बंदूक धरणारे. पेन धरणारी ही पहिली. चुकली असेल तर रागवा तिला, थप्पड लगाओ, मी काही बोलणार नाही."

"उषाताई, प्रकरण रागवण्याच्या पलीकडे गेलंय."

"मग सांगा ना काय केलं तिनं. ती तर बोलते, मम्मी, मी कुछ नहीं किया. जेवत नाही पोरगी. मी विचारलं, मॅडम ओरडतात का? नाही बोलली. मॅडम नुसत्या बघत राहतात, बोलली. दिवसभर. माझ्या हाताकडे." लोणच्याची बरणी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. "बघत नका बसू मॅडम तिच्याकडे असं. मारलेलं बरं."

मी त्यांना पाणी दिलं. चहा करते म्हटलं, पण त्या थांबल्या नाहीत.

तक्रार लिहून तयार आहे. प्रयोगात जाणूनबुजून ढवळाढवळ केल्याबद्दल. सोमवारी देणार. विभागाची समिती ९ जूनला बसते. तक्रार ग्राह्य धरली तर गरिमाची पीएचडीची नोंदणी रद्द होईल. हे मला कळतं. मी दगड नाही. पण शून्याची नळी खोटी असेल तर वरचा एकही आकडा खरा धरता येत नाही.

विभागाच्या फोनवर तू दोनदा मला विचारलंस असं शिपायानं सांगितलं. मी घेतला नाही. घेणारही नाही. बोलणं रेकॉर्ड करता येतं, पत्र निदान दोघींकडे राहतं. तुला जे म्हणायचं ते लिही.

निवेदिता


दौलतगंज
२ जून

सीमंतिनी,

तक्रार दिली. त्यानंतर गरिमा रजेवर गेली, मामाकडे देवासला. समितीच्या दिवशी येईल.

मग मला वाटलं, आता मैदान मोकळं आहे. तिचा हात नाही, कुणाचाच नाही. सगळं मी एकटीनं करते, शून्याची नळी कोरी येईल आणि समितीपुढे तो फोटो ठेवते: गरिमा असताना काप आहे, नसताना नाही. याहून साफ पुरावा काय असतो?

कार्यालयातली दुसरी किल्ली मागून घेतली. नवा आरएनए बनवला. घरून ताज्या पाण्याची बाटली पर्समध्ये घालून नेली, ती माझ्या नजरेआड एकदाही झाली नाही. क्षारद्रावण नवं. दाराला आतून कडी. शून्याच्या नळ्या मी दोन ठेवल्या. एक साधी. दुसरीत ईडीटीए, म्हणजे जो काही धातू असेल तो त्यात अडकून पडेल. ही दुसरी नळी गरिमाच्या सांगण्यावरून नव्हती. ती तुझ्यासाठी होती. तू क्लोन असा बदलून पाठवला असशील की त्याला धातूच लागत नाही, तर तो ईडीटीए असतानाही कापेल, आणि मग मला समितीपुढे दोन नावं ठेवता येतील.

जेल धुतलं आणि दिव्यावर धरलं.

ईडीटीएची ओळ कोरी. अख्खा धागा, वर एकच पट्टी, खाली काही नाही. म्हणजे क्लोन तोच आहे. तुझ्या पहिल्या वाक्यावर माझा आता आक्षेप नाही.

साध्या शून्याची ओळ कापलेली. जुळलेला धागा खाली उतरलेला, सुटलेला तुकडा वेगळा. पहिल्या दिवशी होती तशीच. कडी आतून लावलेली, खोलीत मी एकटी, आणि गरिमा देवासला.

मी सगळं पुन्हा केलं, कारण एकदा झालेली गोष्ट झाली असं मी मानत नाही. पुन्हा तेच.

धातू होता. कुणी घातला नव्हता. खोलीत मी होते, आणि मी नेलेल्या वस्तू होत्या. त्यांतली जी गोष्ट प्रत्येक नळीत सगळ्यांत जास्त असते तिचं नाव मी आज लिहीत नाही. उद्या यंत्र बघते. तू म्हणालीस म्हणून नव्हे. बघायचं राहिलं होतं म्हणून.

निवेदिता


दौलतगंज
४ जून

सीमंतिनी,

ऐक.

यंत्र मागच्या गच्चीत आहे, होतं तिथेच. तुला आठवेल, वाफ गार करायला एक काचेची नागमोडी नळी असते. तिच्या आतून गार पाणी खेळतं, बाहेरून वाफ लागते, वाफेचं पाणी होऊन थेंब बाटलीत पडतो. गार पाणी आणि वाफेचं पाणी यांची भेट होत नाही, मधे काच असते. पूर्वी आपण गार पाण्याची रबरी नळी सरळ नळाला लावायचो. या वर्षी फेब्रुवारीपासूनच नळाला एक दिवसाआड पाणी. म्हणून मी बादलीत बोअरचं पाणी भरते आणि कूलरचा जुना पंप सोडते. तेच पाणी फिरत राहतं, उन्हानं आटतं, मी वरून आणखी बोअरचं ओतते. आमच्या गल्लीतलं बोअरचं पाणी किती जड आहे ते तुला माहीत आहे. डाळ शिजत नाही त्यात.

बादलीपाशी वाकले तेव्हा शेजारी कूलर होता. त्याच्या गवताच्या जाळीवर पांढरा थर. दर उन्हाळ्यात असतो, आपण चाकूनं खरवडतो. बोटानं पुसला. तीच भुकटी. बाटलीतली.

नुसतं दिसण्यावर मी विश्वास ठेवत नाही. घरात कपड्यांची नीळ होती. बादलीत ती ढवळली, पाणी गडद निळं झालं, पंप चालू केला, यंत्र तापू दिलं. काच शाबूत असती तर माझ्या बाटलीत बिनरंगी पाणी पडलं असतं.

पहिलाच थेंब निळा पडला. दुसरा निळा. मी यंत्र विझवलं, वाफ थांबली, तरीही थेंब पडतच राहिले. आणि मी तुला लिहिलं होतं, या वर्षी बाटली लवकर भरते. कौतुकानं लिहिलं होतं.

तडा केसाएवढा आहे. नागमोडीच्या तिसऱ्या वळणावर, जिथे एकदा आपण ती फुटल्यावर काच फुंकणाऱ्याकडून सांधून आणली होती. तो म्हणाला होता, "बाई, चलेगा, पर प्रेशर मत देना." नळाचं पाणी संथ होतं, तेव्हा चाललं. पंपाच्या जोरानं नाही चाललं. मी औषध घालून, प्रेशरमध्ये उकळून प्रत्येक जंतू आणि प्रत्येक प्रथिन मारत होते. मॅग्नेशियम उकळून मरत नाही. हे मी दर वर्षी एम.एस्सी.च्या मुलांना शिकवते.

तू पाणी बघ म्हणालीस तेव्हा तुला तो सांधा आठवला होता. मी पत्रात "घरच्या यंत्राचं" लिहिलं, ते वाचूनच. म्हणून फोन करत होतीस. सविस्तर लिहिलं असतंस तर मी वाचलं असतं का, हा प्रश्न तू विचारशील. वाचलं असतं. आणि तू ते का लिहिलंस याचा दुसराच अर्थ काढला असता.

एक गोष्ट कालपासून डोक्यातून जात नाही. विभागाचं यंत्र चांगलं होतं. अजूनही चांगलं आहे. गरिमा पुण्याहून आली, मला ती बदललेली दिसली, म्हणून मी तिथलं पाणी बंद केलं आणि घरचं आणलं. घरचं आणलं म्हणून नळी कापायला लागली. नळी कापली म्हणून मी तिच्या हातांकडे बघायला लागले. यात बाहेरून कुणी येण्याची गरजच नव्हती.

निवेदिता


दौलतगंज
१७ जून

सीमंतिनी,

समिती झाली. मी तक्रार मागे घेतली आणि कारण सांगितलं. बादली, पंप, नीळ, सगळं. विभागप्रमुख राजवर्धन सर कधी हसत नाहीत. ते चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे निवेदिताबाई, आरोपी कूलरचा पंप?" बाकीचे हसले. मी म्हटलं, "नाही सर. पंप मी लावला होता." मग कुणी हसलं नाही. नोंदणी कायम राहिली.

गरिमा टेबलाच्या त्या टोकाला बसली होती. बाहेर आल्यावर जिन्यात मी तिला थांबवलं.

"केमिस्ट्रीत काय पक्कं व्हायचं होतं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. आता लपवायचं काही नव्हतं. "पाणी, मॅडम. तुमच्या बाटलीतलं थोडंसं घेऊन प्रांजलीला दिलं होतं, हार्डनेस काढायला. एकदा नंबर इतना ज़्यादा आया, तिला वाटलं तिचंच चुकलं. दुसऱ्यांदा करत होती."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"कैसे बताती, मॅडम? तुम्ही पाण्याला कुलूप लावलं होतं. कुलूप तर माझ्यासाठीच होतं ना. मी बोलली असती पाणी खराब आहे, तर तुम्ही विचारलं असतं, तुला कसं माहीत?"

विचारलं असतं. अगदी याच शब्दांत.

दोघींनी मिळून पुन्हा प्रयोग केला, विभागाच्या पाण्यात. शून्याची ओळ कोरी आली, ईडीटीएशिवाय. पुढच्या नळ्यांत मॅग्नेशियम थोडं थोडं वाढत गेलं तसा काप वाढत गेला, पायऱ्या मांडाव्यात तसा. ती फोटो काढत होती. मी तिच्या हाताकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते. ते तिच्या लक्षात आलं. म्हणाली, "बघितलं तरी चालेल मॅडम, अब आदत हो गई है." टोमणा होता की माफी होती ते मला कळलं नाही, आणि विचारायचा अधिकार मला आहे असं वाटलं नाही.

मग तिनं अर्ज दिला. उरलेलं काम पुण्यात, तुझ्या प्रयोगशाळेत करायचं, तुला सहमार्गदर्शक म्हणून घ्यायचं. मे महिन्यात मी तुला लिहिलं होतं की ती तुझ्याकडे यायच्या खटपटीत आहे. तेव्हा ती नव्हती. हे मी तिला विचारलं, आणि या वेळी तिच्या उत्तरावर विश्वास ठेवला. आता मात्र ती येते आहे. अर्जावर मी सही केली. राजवर्धन सरांनी विचारलं, "विचार केलात ना?" मी म्हटलं, बराच केला, तेच चुकलं.

आकृतीबद्दल. ती मी विसरलेले नाही, विसरेन असं वाटतही नाही. पण त्या वेळी मी संपादकांना एक ओळ लिहून विचारलं नव्हतं. तू गप्प बसलीस, तेवढ्यावर निकाल दिला. गरिमाही गप्प बसली होती. तू खरं बोलली होतीस असं मी म्हणत नाही. मी तपासलं नव्हतं, एवढंच म्हणते. ते मासिक अजून निघतं. मी त्यांना लिहिणार आहे. उत्तर काय येईल मला माहीत नाही, तुला माहीत असेल. आलं की तुला कळवीन, कुठल्याही बाजूचं असलं तरी.

फोनवरचा ब्लॉक काढला आहे.

काल पुण्याच्या गाडीला गरिमाला सोडायला गेले होते. उषाताई आल्या होत्या, लोणच्याची बरणी घेऊन. ती तुझ्यासाठी आहे, तिखट जास्त आहे, सांभाळून. क्लोनच्या नळ्या बर्फात, थर्मासमध्ये, तिनं मांडीवर धरल्या होत्या. आपण यंत्र आणलं होतं तशा. गाडी सुटायच्या आधी मी खिडकीतून तिला प्रवासासाठी पाण्याची बाटली दिली. घरून भरून आणली होती, सवयीनं. तिनं ती घेतली, उजेडाला धरली, तळाशी नीट पाहिलं. उषाताई म्हणाल्या, "अगं, मॅडमनी दिलीय!" ती झाकण उघडून एक घोट प्यायली आणि मग बॅगेत ठेवली.

तिनं आधी पाहिलं, ते मला बरं वाटलं.

निवेदिता